हरवलेल्या पेटीचं गिऱ्हाईक

मी पंचवीस वर्षं यंत्रांविषयी लिहिलं आणि मला अजून घरातला फ्यूज नीट बदलता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे लेख वाचून कोणी मिक्सर घेऊन दारात उभं राहणार नाही. माझं काम दुरुस्तीचं नव्हतं. एखादी वस्तू काय करते, कशासाठी करते आणि ती घरी आणावी की नाही, एवढं साध्या मराठीत लिहिणं हे माझं काम होतं.

आमच्या मासिकाची कचेरी अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीत होती. खाली लेथचा कारखाना, वर आम्ही. लेथ सुरू झाला की टेबलावरचा कप बशीतल्या बशीत फिरायचा. कचेरी म्हणजे संपादक मोहन राऊळ आणि मी. राऊळसाहेब संपादक, छायाचित्रकार, जाहिरात व्यवस्थापक सगळं होते. मी उरलेलं होते. ऐंशीच्या दशकातला मधला काळ. रंगीत टीव्ही घराघरांत शिरत होता आणि 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द लावला की चप्पलसुद्धा खपली असती.

माणसं काय काय घेऊन यायची. गोरेगावचे एक गृहस्थ पाण्यावर चालणाऱ्या स्कूटरचा आराखडा घेऊन दर पंधरा दिवसांनी येत. स्कूटर चालायची बाकी होती, पण लेख आधी छापून यावा असा त्यांचा आग्रह होता. घाटकोपरच्या एका निवृत्त मास्तरांनी डास पकडायचं यंत्र केलं होतं. डास त्यात खरंच पकडले जात, फक्त आधी त्यांना हाताने आत ढकलावं लागे. मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांवरही लिहिलं नाही. पण ज्या गोष्टीबद्दल आज लिहायला बसले आहे, ती अशी हसण्यावारी नेता येत नाही. तीत मी चुकले होते.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगते. कुठलीही कंपनी नवी वस्तू बाजारात आणण्याआधी तिचा एक नमुना बनवते. हाताने जोडलेला, तारा लोंबणारा, कधी चालणारा कधी रुसणारा. तो नमुना कोणाला दाखवत नाहीत, कारण शेजारच्या कारखान्याने पाहिला की तीच वस्तू तो आधी बाजारात आणतो. आणि नेमक्या याच कारणाने आमच्यासारख्यांना तो पाहायची हाव असते. बाजारात आल्यावर तर कोणीही लिहील. जो आधी लिहील त्याचं नाव होतं.

त्या वर्षी आम्हा सगळ्यांचा डोळा एकाच वस्तूवर होता. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतली एक लहानशी कंपनी मराठीचं इलेक्ट्रॉनिक टंकलेखन यंत्र बनवत होती. त्या वेळचं मराठी टाइपरायटर ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको. अर्ध्या अक्षराची कळ वेगळी, मात्रेची वेगळी, आणि एवढं करून जोडाक्षर एकमेकांवर रुसल्यासारखं लांब लांब उभं राहायचं. या नव्या यंत्रात म्हणे अक्षरं आपोआप जुळणार होती. कागदावर उमटण्याआधी ओळ एका छोट्या खिडकीत दिसणार होती, चूक झाली तर तिथेच सुधारता येणार होती. कंपनीचे मालक किरीटभाई. त्यांनी दोनदा मला दारातूनच परत पाठवलं होतं. "तयार झाला की बोलावीन, बेन. आधी नाही."

दिवाळी अंकाची जुळवाजुळव चालू होती तेव्हा बाळा पेडणेकरचा निरोप आला. बाळाचं कांदिवली स्टेशनजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माझ्या वडिलांच्या गावचा, मालवणकडचा. माझ्या निम्म्या लेखांमधलं तांत्रिक ज्ञान त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मिळवलेलं होतं. मी गेले तेव्हा त्याने मागच्या फळीवरची एक रेक्झिनची बॅग खाली घेतली आणि चेन उघडली. आत ते यंत्र होतं. पत्र्याची पेटी, वर कळा, आणि कळांच्या वर बोटभर उंचीची काचेची खिडकी. आतल्या पाटीवर किरीटभाईंच्या कंपनीचा शिक्का.

"हे तुझ्याकडे कुठून?" मी विचारलं.

"इलां. एका माणसान आणून दिल्यान. रिक्षात गावला म्हणता." बाळा माझ्याकडे न बघता बोलत होता. "तुमका व्हया तर घेवा. नाय तर दुसरे मासिकवाले हत."

हीच ती जागा, जिथे मला आणखी चार प्रश्न विचारायला हवे होते. कोण माणूस, कधी, कुठली रिक्षा. दुसऱ्या कोणाच्या लेखासाठी मी ते विचारलेही असते. तेव्हा विचारले नाहीत, कारण उत्तरं मला नको होती.

राऊळसाहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "घे," म्हणाले.

"पण साहेब, वस्तू दुसऱ्याची आहे."

"अगं, आपण यंत्र कुठे विकत घेतोय? आपण बातमी विकत घेतोय. बघू, फोटो काढू, लिहू आणि परत करू."

वाक्य ऐकायला छान होतं. मी ते दिवसभर मनात घोळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिलेलं पैशांचं पाकीट स्वतःच्या पर्समधून नेऊन बाळाच्या हातात ठेवलं. पेटी अंधेरीला आली. राऊळसाहेबांनी पांढऱ्या चादरीवर ठेवून तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग आम्ही वायर जोडली, बटण दाबलं, आणि खिडकीत हिरवी अक्षरं उमटली. मी 'क्ष' टाइप केला. तो खरोखर 'क्ष' झाला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे आळीपाळीने 'ज्ञानेश्वर', 'कृत्रिम', 'उद्ध्वस्त' टाइप करत बसलो. खोटं कशाला बोलू, तो माझ्या नोकरीतला फार आनंदाचा तास होता.

साहेब फिल्मचा रोल धुवायला द्यायला गेले आणि मी कळा दाबत राहिले. एक कळ दाबल्यावर यंत्राने आधी साठवलेला मजकूर दाखवायला सुरुवात केली. एकेक ओळ वर सरकत होती. आधी चाचणीची वाक्यं होती, अर्थ नसलेली. मग हे आलं:

'ती. बाबांस सा. न. वि. वि. हे पत्र छापखान्यातून आलेलं नाही. मी जे यंत्र जोडतो आहे त्याच्यावर पहिलंच पत्र तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही म्हणायचात की अनंताचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. आता बघा. आईला वाचून दाखवा. यात काही चूक दिसली तर'

तिथे मजकूर संपला होता. मी बटण बंद केलं. दुसऱ्याचं पत्र फोडून वाचणाऱ्याची जी अवस्था होते ती माझी झाली. तोवर ते कंपनीचं यंत्र होतं. आता ते कोण्या अनंताचं झालं.

लेख मात्र मी लिहिला. हेही सांगायला हवं. पूर्ण लिहिला, आणि चांगला लिहिला.

आमच्या धंद्यात छापण्याआधी समोरच्याची बाजू विचारायची पद्धत आहे. त्या निमित्ताने मी चारकोपला गेले. पेटी आमच्याकडे आहे हे सांगणार नव्हते, नुसतंच विचारणार होते की यंत्राचं काम कुठवर आलंय. किरीटभाई दोन वाक्यांत मोकळे झाले. "काम बंद आहे. घरचाच माणूस घात करतो तेव्हा काम काय करायचं?"

बाहेर आले तर फाटकाजवळच्या बाकावर एक तिशीचा माणूस बसलेला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात काही नाही. पहारेकऱ्याला विचारलं तर म्हणाला, "हे नेरुरकर. इंजिनिअर. त्यांच्याच हातून मशीन गेलं. शेठ म्हणाले, खरं सांगेपर्यंत रोज नऊ ते पाच इथे बसायचं, आत हात लावायचा नाही."

मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. मासिकातून आले आहे असं सांगितलं. "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"अनंत नेरुरकर."

त्याने जे सांगितलं ते फार थोडं होतं. यंत्राच्या बाहेरच्या आवरणाचा साचा बनवणारा माणूस अंधेरीला होता. त्याला दाखवायला तो नमुना घेऊन निघाला. चारकोपहून कांदिवली स्टेशनला रिक्षा केली. हातात आराखड्यांची लांब भेंडोळी होती, ती सांभाळत उतरला आणि सीटमागे ठेवलेली बॅग तशीच राहिली. तिकिटाच्या खिडकीपाशी आठवण झाली तोवर रिक्षा गेली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस त्याला नोकरी देऊ करायला आला होता. किरीटभाईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

"मी विसरलो, मॅडम," तो म्हणाला. "एवढंच झालंय. पण चोरी केली तर पुरावा मिळतो. विसरलो याचा पुरावा कुठून आणू?"

पुरावा अंधेरीत आमच्या कपाटात होता, आणि मी तिथे बसून मान हलवत होते.

परत येऊन राऊळसाहेबांना सगळं सांगितलं. पत्राबद्दलही. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले.

"अंक निघाल्याबरोबर परत करू," म्हणाले.

"अंक निघाला की तो कायमचा चोर ठरतो. फोटो आपल्याकडे आले म्हणजे त्यानेच विकले, असंच म्हणणार सगळे."

"मग आजच गुपचूप पाठवून देऊ."

"तरी तेच. घाबरून परत केलं म्हणतील. पेटी कोणाला, कुठे सापडली, हे सांगावं लागेल."

"म्हणजे बाळाचं नाव?" साहेब म्हणाले. "शैला, पत्रकाराने बातमी कोणी दिली ते सांगायचं नसतं. मीच तुला शिकवलंय ते."

"बाळाने बातमी दिली असती तर मी जीभ कापून घेतली असती, साहेब. त्याने आपल्याला दुसऱ्याची वस्तू विकली. आणि आपण घेतली. तो आपला खबऱ्या नाही. आपण त्याचं गिऱ्हाईक आहोत."

खाली लेथ चालू होता आणि कप बशीत फिरत होता. शेवटी साहेब म्हणाले, "उद्या संध्याकाळी अंकाची पानं छापायला जाणार. तोवर काय शोधायचं ते शोध."

सकाळीच बाळाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. "गो, माका ह्येच्यात गुंतव नको. पोलीस दुकानात इले तर कोण गिऱ्हाईक पायरी चढतला?"

"तुझं नाव मी आपणहून सांगणार नाही. पण तुला आणून दिली त्या माणसाचं नाव मला हवंय. एक माणूस विनाकारण बाकावर बसलाय, बाळा."

बराच वेळ तो सोल्डरिंगची कांडी पुसत बसला. मग हळूच म्हणाला, "बाजारातली हिरामावशी. कोळीण."

हिरामावशी चारकोप गावठाणातली, कांदिवलीच्या बाजारात बोंबील-मांदेली घेऊन बसायची. मी समोर उकिडवी बसून पेटीचं विचारलं तर तिने हातातला कोयता बाजूला ठेवला. "गावला का मालक?"

"तुम्हाला मालक हवा होता?"

"मंग काय, मना टायपिंग शिकायचा हाय?" ती म्हणाली. रिकामी पाटी घेऊन ती रिक्षात बसली होती, पाटी मागे सरकवताना बॅग हाताला लागली. रिक्षावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, चौकीवर गेलो तर माझा दिवस जाईल, तूच ठेव. दुसऱ्या दिवशी तिने ती बाळाकडे नेली. "बाळाला सांगितला, तू बिजलीवाला, तुना कलेल कुनाची ती. मालकाला दे. त्यानी तुना दिली?"

"दिली," मी म्हणाले. कशी दिली ते सांगायला मात्र जीभ रेटेना. पण ती बाजारात तीस वर्षं बसलेली बाई होती. माझ्याकडे पाहून तिला कळलं.

"इकली?" तिने विचारलं. मी मान हलवली. "आनि तू घेतलीस. शिकलेली तू." एवढंच म्हणाली, पण ते मला आजही ऐकू येतं.

मग म्हणाली, "त्यान डबा पन होता. जेवनाचा. अन्न खराब झाला व्हता, मी घासून ठेवलाय घरी. डबा बाळाला नाय दिला. डब्यावर नाव हाय, मना वाचता येत नाय."

मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. डब्यावर नाव. आपल्या घराघरांत लग्नात आलेल्या भांड्यावर नाव कोरून घेतात, त्या चालीला मी त्या दिवशी मनापासून हात जोडले.

ती शेजारणीला पाटी सांभाळायला सांगून डबा आणायला घरी गेली; तिथून तिने परस्पर कंपनीच्या फाटकाशी यायचं ठरलं. मी अंधेरीला जाऊन पेटी आणि धुऊन आलेल्या निगेटिव्ह घेतल्या. राऊळसाहेब खिडकीपाशी उभे होते. माझ्याकडे न वळताच म्हणाले, "माझ्यासमोर नेऊ नकोस. मी चहा प्यायला खाली जातो." आणि खरंच गेले. ते परत यायच्या आत मी चारकोपच्या वाटेला लागले.

फाटकाशी हिरामावशी आधीच उभी होती. बाकावरच्या नेरुरकरांनी माझ्या हातातली बॅग पाहिली आणि ते उठून उभे राहिले, पुढे मात्र आले नाहीत. मी त्यांना आमच्याबरोबर आत यायला सांगितलं.

किरीटभाईंच्या टेबलावर मी पेटी ठेवली. काय झालं ते सांगितलं. "एका दुकानदाराकडून आम्ही ही विकत घेतली" असं म्हणाले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"विकत घेतली? हा भाजीबाजार आहे? माझ्या माणसांची वर्षांची मेहनत, आणि तुम्ही विकत घेतली? मी पोलिसांत देऊ शकतो तुम्हाला."

"देऊ शकता," मी म्हणाले. "आमची चूक आहे. पण यांची नाही."

मग हिरामावशी बोलली. कुठला दिवस, रिक्षा कुठे मिळाली, बॅग कुठे होती, रिक्षावाला काय म्हणाला. न थांबता, माशाचा भाव सांगावा तशी. शेवटी तिने पदराखालून स्टीलचा डबा काढून नेरुरकरांपुढे ठेवला. झाकणावर कोरलं होतं, 'सौ. सुमती नेरुरकर'.

"माझ्या आईचा डबा," नेरुरकर म्हणाले आणि झाकण उघडलं. आत सुकट भरलेली होती.

"दुसऱ्याचा डबा रिकामा देव नये," हिरामावशी म्हणाली.

किरीटभाई शाकाहारी माणूस. त्या वासाने त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग नेरुरकरांना म्हणाले, "अनंत, जा. आत जा. कामाला लाग." माफी मागितली नाही. पण त्यांनी स्वतः उठून आतलं दार उघडून धरलं, आणि मालक माणसासाठी ते कमी नव्हतं. निगेटिव्ह मी टेबलावर ठेवल्या. पोलिसांचा विषय पुन्हा निघाला नाही. दुकानदार कोण हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघताना नेरुरकर फाटकापर्यंत आले. तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की तुमचं बाबांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. ते कानापर्यंत लाल झाले. "अर्धंच होतं," म्हणाले.

"'काही चूक दिसली तर' याच्यापुढे काय लिहायचं होतं?"

"यंत्राला दोष देऊ नका, ती माझी समजा. असं."

आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शेवटी शिवणयंत्र आलं. ऐनवेळी दुसरं काही हाती नव्हतं. अंक बरा खपला, बायकांनी जास्त घेतला. टंकलेखन यंत्र काही महिन्यांनी बाजारात आलं तेव्हा सगळ्या पत्रकारांना एकाच दिवशी बोलावलं गेलं आणि आमच्याआधी दोघांचे लेख छापून आले. माझ्या लेखाखाली चौकट टाकायची असा मी हट्ट धरला. राऊळसाहेब म्हणाले, लोक हसतील. तरी त्यांनी चार ओळी छापल्या: या यंत्राचा हरवलेला नमुना आम्ही विकत घेतला होता, ती चूक होती, नमुना मालकाला परत केला आहे. दोन वाचकांनी वर्गणी बंद केली. एकाने लिहिलं की चूक कबूल करणारं मासिक प्रथमच पाहिलं, पण शुद्धलेखनाच्या चुकाही कबूल कराव्यात.

ते यंत्र दोन-तीन वर्षं चाललं. मग संगणक आले आणि त्याची सद्दी संपली. पण त्या काळात कितीतरी कचेऱ्यांतली मराठी पत्रं त्याच्यावर निघाली, आणि त्यांतली जोडाक्षरं नीट जोडलेली असायची. मला त्याचा का कोण जाणे अभिमान वाटायचा.

खंत आहे ती बाळाची. हिरामावशीने सगळ्या बाजाराला गोष्ट सांगितली. पोलीस आले नाहीत, पण त्याच्या दुकानाची पायरी काही दिवस खरंच ओस पडली. तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. लोकांच्या लेखी तो एकटा लबाड ठरला. पण पाकीट नेऊन देणारा हात माझा होता, आणि तो पुढे आला नसता तर बाळाने ती पेटी शिक्का पाहून बहुधा मालकाला दिलीच असती. हे मी त्याला उशिरा सांगितलं. तो म्हणाला, "दिली असती की नसती, माकाच ठावक नाय." मग त्याने स्टूल पुढे सरकवलं.

त्या दिवाळी अंकानंतर साधारण वर्षभराने एक सफारी घातलेला माणूस आमच्या कचेरीत आला. पिशवीतून त्याने एक बिनवायरचा टेलिफोन काढला. अजून बाजारात नाही, म्हणाला, फक्त तुमच्यासाठी आणलाय. कुठून आणला विचारलं तर नुसता हसला. मी राऊळसाहेबांकडे पाहिलं. ते प्रुफं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी मालक कोण ते बघ, मग चहा सांग."

मी टेलिफोन उलटा केला. तळाशी साकीनाक्याच्या एका कारखान्याची चिठ्ठी होती. चालत वीस मिनिटांवर. मी चपला घातल्या, टेलिफोन पिशवीत ठेवला आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "चला, जवळच आहे. दोघं जाऊन देऊन येऊ."

"हो, चला की," तो म्हणाला. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत तो माझ्या पुढे होता. खाली येऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि पिशवी घेऊन एकटीच साकीनाक्याला निघाले.